ठोकळा पास!

मी पास केलेली वस्तू फुटत नाही! वाळूजच्या कारखान्यात बावीस वर्षं मी माल तपासतोय. घरातली नवी फरशीसुद्धा मीच निवडली. दुकानात तिच्यावर दोन्ही पायांनी उड्या मारल्या, आणि मगच बायकोला, तनुजाला, सांगितलं, "जन्मभर तडा जाणार नाही!" तेव्हापासून ती त्या फरशीला जीवापाड जपते.

गेल्या एप्रिलात सासरे, बद्रीनाथमामा, वैजापूरहून सालभराचा गहू घेऊन आले. पन्नास-पन्नास किलोचे चार कट्टे! तनुजा गुलमंडीवर खरेदीला गेलेली. आमची श्रेया प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा बंगला बांधत होती.

"बाबा, एक ठोकळा किती वजन पेलतो?"

असा प्रश्न, आणि तोही मला! मी लगेच लाल ठोकळा फरशीवर ठेवला, त्यावर फळी. एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं श्रेयानं. मग एक हात कट्ट्याकडे नेला, तर मामा ओरडलेच.

"जावयानं कट्टा उचलायचा? आमची काही इज्जत हाय का नाय!"

अडुसष्ट वर्षांच्या माणसानं कट्टा उचलून फळीवर ठेवला. मीही जावयाला शोभेलसं म्हणालो, "जरा डावीकडे."

पन्नास किलो! ठोकळा ढिम्म. दुसरा कट्टा, शंभर किलो! तरी ढिम्म. मामांना चेव चढला.

"आता म्या बसतो!"

"अहो मामा, नको!"

"का? नातीचा ठोकळा मला भितो व्हय?"

आणि धोतर सावरून बसलेसुद्धा. एकशे ऐंशी किलो! मी "शाब्बास" म्हणणार, तेवढ्यात कडाड्!

"माझा ठोकळा!" श्रेयानं भोकाड पसरलं. मामांनी उतरून घाईघाईनं कट्टे बाजूला केले, मी फळी उचलली. ठोकळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता! त्याच्या खालच्या फरशीला मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

"जावईबापू," मामा हळूच म्हणाले, "फरशी कुणी पास केली व्हती?"

तेवढ्यात जिन्यात तनुजाच्या चपला वाजल्या. मी फळी दडवायला धावलो. मामांनी मात्र झटकन एक कट्टा उचलून तड्यावर ठेवला.

"अगं, ह्यो हितंच राहू दे," ते लेकीला म्हणाले. "हितं गव्हाला हवा लई झ्याक लागती."

श्रेयाला गप्प बसायला दोन आइस्क्रीम लागली.

आता तीन कट्टे संपलेत. उरलाय तोच एक, आणि तोही तनुजानं उघडलाय! म्हणून मी पोळी सोडलीय. दोन्ही वेळेला भाकरी खातो. तनुजा कौतुकानं माहेरी फोन करते.

"बाबा, ह्यांनी तब्येतीसाठी गहू पार बंद केला!"

पलीकडून मामांचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येतो.

"आरारा! मंग उद्याच आणखी दोन कट्टे धाडतो!"

गहू सोडलेल्या जावयाला सासरा कट्टे का पाठवतो, हे तनुजाला अजून उमगलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!