‘येतो’ न म्हणणारे मामा

आमचे छगनमामा कुणाच्याही घरून निघताना ‘जास बरं’ म्हणतात. जातो, एवढंच. आपल्याकडे सातासमुद्रापार निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो, अहिराणीत ‘येस’. मामांनी मात्र आमच्या वास्तुशांतीला, भटजींच्या देखत, उंबरठ्यात उभं राहून खणखणीत ‘जास बरं!’ ठोकलं. आई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, पुरणाच्या हातानं धावत आली.

"येस म्हन रे, येस! चांगला दिन शे!"

"धंदानी सवय शे, ताई."

धंदा म्हणजे तुरुंगातली मास्तरकी. सरकार आणि ठिबक सिंचनाची एक कंपनी यांनी मिळून तुरुंगाच्या शेतात वर्ग काढलाय. सुटलेल्या माणसाच्या हाताला काम असावं, तो पुन्हा आत येऊ नये, म्हणून. मामांच्या भाषेत, "भित सरकारनी, नळी कंपनीनी, अक्कल मन्ही." नळीच्या शेवटाला कंपनी प्लास्टिकची टोपी देते. मामांचा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. ते नळी दोनदा दुमडून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतात, आणि पट्टीचं एक टोक सशाच्या कानासारखं वर उभं ठेवतात. "टोपी उडी जास. कान उडत नही."

माझ्या गच्चीवर त्यांनी बसवलेलं ठिबक मी महिन्याभरात तुंबवलं. मामा खिन्न होऊन म्हणाले, "भाचा, तू दोन वरीस मझार ऱ्हाता, ते शिकी जाता." मझार म्हणजे आत. बायकोला ती कल्पना अगदीच वाईट वाटली नाही.

एकदा कंपनीच्या पुण्याच्या मॅडम आल्या. "शिकून गेलेले किती जण तुम्हाला भेटायला येतात?"

मामा छाती काढून म्हणाले, "एक बी नही!"

मॅडमनी हळहळत वहीत शून्य लिहिलं. मामा आठवडाभर रुसून बसले; त्यांच्या हिशेबी ते पैकीच्या पैकी मार्क होते.

‘जास’ची ही भानगड संजयपासूनची. संजय विहिरींवरच्या मोटारी चोरायचा. मामांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. तो सुटला तेव्हा फाटकात मामांच्या तोंडून सवयीनं निघालं, "ये बरं." सहा महिन्यांत तो खरंच आला. पुन्हा मोटारच. मामांनी सगळा दोष आपल्या जिभेवर घेतला आणि तो शब्दच टाकला. गेल्या पावसाळ्यानंतर संजय दुसऱ्यांदा सुटला, तेव्हा मामा फक्त म्हणाले, "जाय."

तेव्हापासून त्यांना रविवारी फिरायची हौस लागली. ड्रायव्हर अर्थात मी. संजय तापीकाठचा, एवढंच मामांना ठाऊक. चौकशी करायची सोय नाही, कारण इतकी वर्षं तो सुरतेला कामाला होता असं त्यानं गावात सांगून ठेवलंय. मग ब्राह्मणपुरीहून प्रकाशा गावाकडे आमची गाडी रांगत जाते. हिवाळ्याची दुपार, केळीच्या बागांतून ओलसर गारवा येतो, आणि तापी वाहतेय की आपणच, कळेनासं होतं. मला पेंग येते. मामा म्हणतात, "हुभी कर." उतरतात, बांधावर वाकतात, परत येतात. "नही."

त्या रविवारी मात्र ते वाकले ते उठेचनात. मी जवळ गेलो. नळी दोनदा दुमडलेली. ट्यूबची पट्टी. वर उभा सशाचा कान.

लांब, पानांच्या हिरव्या उजेडात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस पाठमोरा वाकला होता. कुणीतरी बाई त्याला पाण्यासाठी हाक मारत होती. तो हात पुसत हसला.

"बोलावू?" मी विचारलं.

"येडा शे का? तो सुरतले व्हता." मामांनी नळीच्या कानाला एक बोट लावलं, आणि गाडीत येऊन बसले.

मी जरा जास्तच हळू गाडी काढली. बाग सरत आली. मामांनी काच खाली केली, आणि इतक्या हळू की केळीच्या पानांनाही ऐकू गेलं नसेल, म्हणाले, "येस बरं."