चिमूटभर धातू

सोमवारी सकाळी ठीक साडेनऊ वाजता, विज्ञान महाविद्यालयामागील केशकर्तनालयाच्या तिसऱ्या खुर्चीवर, रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक मान ताठ करून बसले होते. अकरा वाजता विभागप्रमुखपदाची मुलाखत होती. प्रतिस्पर्धी अडतीस वर्षांचा, आणि त्याच्या डोक्यावर काळ्याभोर केसांचे नुसते रान माजलेले!

"सर, आधी काही लावलंय का केसांना?" कारागिराने रंगाचे क्रीम कालवत विचारले. "यात पेरॉक्साइड असतं, म्हणून विचारतोय."

प्रश्न साधा होता. पण मागच्या बाकावर मेहुणा बसला होता. गेली चार वर्षे न्हाणीघराची कडी लावून सरांनी पिकलेले केस हळूहळू काळे करणारे धातूच्या क्षारांचे एक लोशन डोक्यात जिरवले होते आणि सासरी मात्र 'आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत' असा डंका पिटला होता. आता त्या केसांवर शेवाळी झाक चढली, म्हणून हा सारा उपद्व्याप!

"छे! शुद्ध नैसर्गिक!"

क्रीम लागले आणि सरांना आपलाच धडा आठवला. धातूच्या सान्निध्यात पेरॉक्साइड कसे पिसाळते, हे सत्तावीस वर्षे तेच तर शिकवत होते. धातू स्वतः खर्च होत नाही, चिमूटभर पुरतो. चार वर्षांत किती चिमटी झाल्या असतील?

दुसऱ्या मिनिटाला टाळू कोमट झाली. चौथ्या मिनिटाला तिचा तवा झाला.

"सर, वाफ निघतेय!"

"तुमची वाटी लोखंडी असणार!"

"प्लास्टिकची आहे."

"मग कंगवा!"

"तोही प्लास्टिकचाच."

"तर मग पाणी गंजके!"

"अहो, पाणी अजून लावलंय कुठे?"

"भावोजी," मेहुणा उठून उभा राहिला, "मुलाखतीचं एवढं डोक्यात घेऊ नका हो!"

"कारण निश्चित झाल्याखेरीज उपाय योजणे हे सर्वस्वी अशास्त्रीय..." सरांनी बोट उगारले, तोच कानामागे चर्र झाले. "माझ्याच डोक्यात आहे धातू! चार वर्षांचा! धुवा हो, धुवा!"

पाण्याबरोबर केसही पुंजक्यापुंजक्यांनी वाहून गेले.

सरांनी आरशात पाहिले. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"उजवीकडचे थोडे डावीकडे वळवले," त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, "तर मुलाखतीपुरतं भागेल का?"

कारागिराने खुर्चीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"नाही सर. सगळेच काढावे लागतील."