उजवा हात, मूळ प्रत

मंदाकिनी खामकर यांचा उजवा हात चौदा महिने विमा कंपनीच्या सोलापूर शाखेत जमा होता. नियमच तसा होता. जखमेचे फोटो आणि डॉक्टरांचा दाखला या झेरॉक्स धरल्या जात. मूळ प्रत म्हणजे हात. ढेपे नावाच्या कारकुनाने तो मनगटापासून सोडवून घेतला, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावली आणि पोचपावती दिली. पंधरा दिवसांत दावा निकाली निघेल आणि हात परत मिळेल, असे तो तेव्हा म्हणाला होता.

मंदाकिनीबाई बार्शीत ब्लाउज शिवत. रिक्षा उलटली तेव्हा अंगठ्याशेजारची दोन बोटे चिरडली आणि ती वळेनाशी झाली. हात मिळाला की उरलेल्या तीन बोटांनी नव्याने शिवायला शिकू, एवढ्या आशेवर त्या दर सोमवारी एसटीने सोलापूरला जात.

या सोमवारी ढेपेने त्यांना पाहताच फाइल काढली.

"ताई, आता हेलपाटे बंद. तुमचा दावा मागे घेतलाय."

"कुणी?"

"तुम्हीच. ही बघा सही."

सही त्यांचीच होती, अगदी वळणदार.

"मी तर बार्शीत होते."

"हात इथं होता ना."

शाखाधिकारी निंबर्गीकर टेबलावरून उठून आले. ते कधीच आवाज चढवत नसत. "बाई, हात तुमचा, सही तुमची. कंपनी यात कुठं येते?"

"त्या हाताला पेन धरता येत नाही, साहेब. दाखल्यात लिहिलंय."

"धरता आलं, म्हणजे हात बरा झाला. बरा झाला, म्हणजे दावा उरत नाही."

"बरा झालाय तर द्या."

"निकाली प्रकरणातली मूळ प्रत दहा वर्षं जपावी लागते."

मंदाकिनीबाई बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत फिटिंगवरून भांडायला आलेल्या बायकांकडून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. ब्लाउज घट्ट झाला म्हणणारीशी वाद घालायचा नाही. तो समोर घालून दाखवायला सांगायचा.

"माझ्यासमोर सही करू दे त्याला," त्या म्हणाल्या.

नियमांत याला मनाई नव्हती. ढेपेने कपाटातून हात आणून टेबलावर ठेवला. बाईंनी आधी त्याची नखे पाहिली.

"नखं तरी कापायची, ढेपेभाऊ."

"मूळ प्रतीत खाडाखोड चालत नाही, ताई."

त्याने हाताच्या बोटांत पेन दिले आणि वरून स्वतःची मूठ आवळली.

"हे काय?"

"आधार. मागच्या वेळी पण मीच दिला होता."

निंबर्गीकर टेबलाजवळ सरकले. "सोडा, ढेपे."

हात एकटा उरला. पेन दोनदा पडले. तिसऱ्यांदा अंगठा आणि करंगळीत धरून त्याने वाकड्या अक्षरांत लिहिले: छाती चौतीस, बाही नऊ, मागचा गळा खोल.

अपघाताच्या दिवशी घेतलेले ते माप होते. वहीत उतरवायचे राहून गेले होते.

निंबर्गीकरांनी कागद दोनदा वाचला, मग नियमांचे पुस्तक चाळले. "ही सही होत नाही," ते म्हणाले. "मग आधीचीही धरता येत नाही. दावा चालू, अशी नोंद करा."

"आणि हात?"

"दावा चालू म्हणजे हात जमा."

"चालू दाव्यातली मूळ प्रत मला तपासता येते?"

निंबर्गीकरांनी पुन्हा पान उलटले. "येते. दहा ते पाच."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंदाकिनीबाई कापड घेऊन आल्या. ते त्यांनी डाव्या हाताने कापले होते. टेबलाशी बसून त्यांनी डाव्या हाताने ते ताणून धरले आणि उजव्याच्या अंगठा-करंगळीत सुई दिली. पहिला टाका वाकडा आला. उसवला. दुसराही उसवला. ढेपेने नोंदवहीत लिहिले: मूळ प्रत तपासणीस दिली.

पाचला अर्धी बाही झाली होती. बाईंनी कापडात सुई खोचली, हात ढेपेकडे सोपवला आणि पावती घेतली.

"उद्या पण येणार?"

"रोज येणार."

ढेपेने हात कपाटात ठेवला, पण कुलूप लावले नाही. "नखं कापून ठेवतो," तो हळूच म्हणाला.

"खाडाखोड चालत नाही ना?"

"नोंद करत नाही, ताई."