सांवेरला न उतरणाऱ्या जीजी

आमच्या जीजी दर रविवारी बसने सांवेरला जायच्या आणि सांवेरला कधीही उतरायच्या नाहीत.

बस थांबायची, माणसं आणि पोती उतरायची, नवी माणसं आणि नवी पोती चढायची. जीजी आपल्या खिडकीशी तशाच बसून राहायच्या आणि त्याच बसने इंदूरला परत यायच्या. पहिल्या रविवारी कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना झोप लागली. त्याने जवळ येऊन सांगितलं, "अम्माजी, सांवेर आ गया, उतरो."

"उतरना नहीं है, भिया. हम तो बैठने आए हैं. वापसी का टिकट काट दो."

इंदूरची माणसं पोह्यांसाठी शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, हे त्या कंडक्टरला माहीत होतं. बसमध्ये बसायचं म्हणून बसमध्ये बसणारं गिऱ्हाईक मात्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

जीजी स्नेहलतागंजमध्ये आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पलासियाच्या एका बँकेतून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं विचारायची हिंमत एकदा मी केली, तर म्हणाल्या, "लाईनीत लोक खूप होते रे, टोकन देता देता माझीच सुट्टी झाली." सगळ्या बिल्डिंगच्या त्या जीजी होत्या, अगदी त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या वैद्यकाकूंच्यासुद्धा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "सुधरवू नका." त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे पळायचं. मी एकदा स्टुलावर चढून ते नीट करायला गेलो, तर खालून आवाज आला, "उतर खाली. त्याला घाई असते, असू दे. सुधरवू नको." पुण्याहून माझ्याकडे आलेले एक पाहुणे नाश्ता करताना आमच्या मराठीतले हिंदी शब्द वेचायला लागले. जीजींनी काही वेळ ऐकून घेतलं आणि मग त्यांच्यापुढे बशी सरकवली. "तांदूळ नंतर निवडा हो. पोहे गार होऊन राहिले. आणि आम्हाला सुधरवू नका, लई मेहनत पडेल." पाहुण्यांनी मुकाट्याने शेव मागून घेतली.

आता या बाई दर रविवारी बसमध्ये का बसायच्या, तर ऋचासाठी. ऋचा म्हणजे तळमजल्यावरच्या महेश आणि स्मिताची मुलगी. तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे हे कळायला घरच्यांना बराच वेळ लागला, आणि कळल्यावर सल्ले द्यायला नातेवाइकांना मुळीच वेळ लागला नाही. ऋचा फारशी कुणाशी बोलायची नाही. बोलली तर बसविषयी बोलायची. कुठल्या गाडीचा गिअर कसा पडतो, कुठल्या हॉर्नला किती दम आहे, मागची सीट का उडते. ऐकणारा दमायचा, ती दमायची नाही. शेवटी कुणा शहाण्याच्या सल्ल्याने घरात नियम झाला: गाड्यांचं बोलणं रात्रीच्या जेवणानंतर, तेही थोडंच.

जीजींना हे कळलं तेव्हा त्या तरातरा खाली गेल्या. महेश मॅच बघत होता.

"हे कधी संपणार?"

"जीजी, अभी तो पहिलीच इनिंग आहे."

"मग तुझ्या क्रिकेटला कुणी टाईम लावलाय का? त्या पोरीला एक विषय आवडतो, तर तुम्ही तिला राशनवर ठेवलंय!" आणि ऋचाकडे वळून म्हणाल्या, "चल ग. मला बसमधलं काही कळत नाही. रविवारी शिकवशील?"

ऋचाने मान वर न करता विचारलं, "कोणती बस?"

"तू म्हणशील ती."

ती म्हणाली सांवेरची. उतरायची गरज तिला कधी वाटली नाही. तिला बस हवी होती, सांवेर नको होतं. जीजींनाही हे अगदी बरोबर वाटलं.

बिल्डिंगला मात्र हे पटेना. सांवेरला उलट्या हनुमानाचं मंदिर आहे. इंदूरची बाई दर आठवड्याला सांवेरला जाते ती दर्शनालाच, दुसरं कशाला जाईल? वैद्यकाकूंच्या मुलाची बदली व्हायच्या घाटात होती. ती टळावी म्हणून त्यांनी जीजींच्या हातात नारळ ठेवला. जीजींनी सरळ सांगितलं, "अहो, मी उतरतच नाही." वैद्यकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! बसमधूनच हात जोडतात. केवढी ही श्रद्धा!"

जीजींनी नारळ घरी आणला आणि त्याच्या वड्या करून सगळ्यांना वाटल्या. आता योगायोग बघा, बदली रद्द झाली! पुढच्या रविवारी जिन्यात नारळ घेऊन बायका उभ्या. जीजी प्रत्येकीला खरं सांगत होत्या आणि प्रत्येकीची श्रद्धा वाढत होती. शेवटी त्यांनी सांगणं सोडून दिलं. मला म्हणाल्या, "देवाचं मला माहीत नाही, अवि. पण वड्या बढिया होऊन राहिल्या." त्या वड्यांना वेलदोड्याचा इतका सुरेख वास असायचा की मीसुद्धा एकदोन खोट्या इच्छा धरून नारळ दिले.

ऋचा त्या वर्षात बदलली असं मी म्हणालो, तर जीजी आजही स्वर्गातून माझा कान धरतील. बदलली नाही, फुलली म्हणूया. घरी येऊन बसची चित्रं काढायची, आतून कापून दाखवल्यासारखी, चाकं, चाकांचे धुरे, स्प्रिंगचे पाटे, सगळं जिथल्या तिथे. जीजींनी तिला मोठे कागद आणून दिले, मग ड्रायव्हरला गळ घालून एका गॅरेजमध्ये गाडीच्या खाली काय असतं ते दाखवून आणलं. स्मिता आनंदून सांगत होती, "तिने कंडक्टरला आपणहून नमस्ते केलं!" जीजी म्हणाल्या, "नमस्ते सोड ग. त्याला ती स्प्रिंगच्या पाट्यांविषयी काय सांगत होती ते ऐकायचं होतंस. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता."

आणि मग दहावीचं वर्ष आलं. महेश एका संध्याकाळी वर आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"जीजी, आता बंद करू या. ट्यूशन लावायची आहे. आणि खरं सांगू? या गाड्यांपायी ती माणसांत येईना. समोरच्याला काय होतंय, तिला समजतच नाही. उद्या आम्ही नसलो तर गाड्या थोडीच बघणार आहेत तिला?"

तो रागाने बोलत नव्हता, घाबरून बोलत होता. जीजी पहिल्यांदाच काही तोडून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एक रविवार ये आमच्यासोबत. नंतर तू म्हणशील तसं."

महेशला एकट्याला अवघड वाटलं, म्हणून त्याने मला ओढलं. बसमध्ये चढल्याबरोबर ऋचाने जीजींना मधल्या एका सीटवर बसवलं, खिडकी उघडली आणि स्वतः शेजारी बसली. आम्ही दोघं शेवटच्या बाकावर. गाडी निघाली आणि मला एक चमत्कार दिसला: जीजी गप्प होत्या. स्मशानातही गप्प न बसणारी बाई डोळे मिटून, पुढचा दांडा धरून बसली होती.

वाटेत एक मोठं कुटुंब चढलं. कंडक्टर जीजींना म्हणाला, "अम्माजी, आप लोग पीछे हो जाओ, ये साथ में बैठ जाएँगे."

"नहीं," ऋचा म्हणाली. स्वच्छ, मोठ्या आवाजात. "पीछे चक्का है, झटका लगता है. जीजी को उलटी होती है. ये सीट दोनों चक्कों के बीच में है."

कंडक्टर निमूट पुढे गेला. महेश माझ्याकडे बघत राहिला. जीजींना गाडी लागते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

गाव आलं की ऋचा म्हणायची, "ब्रेकर." जीजी दांडा घट्ट धरायच्या, मग बस उडायची. "वळण." जीजी मान टेकवायच्या, मग बस वळायची. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायच्या आधी तिला इंजिनच्या आवाजावरून कळत होतं, आणि जे कळत होतं ते ती जीजींना देत होती.

सांवेरला गाडी रिकामी झाली. ऋचा उठून आमच्यापाशी आली. नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "बाबा, जाताना इथे बसू नका. चाकावर झटका लागतो. तुम्ही सकाळी उठता तेव्हा कमरेला हात लावता."

महेश उठला. ती दाखवेल त्या, जीजींच्या मागच्या सीटवर तो जाऊन बसला, आणि ती त्याच्या शेजारी बसली. मी कंडक्टरकडून परतीची तिकिटं घेत बसलो. मागून महेशचा आवाज आला. "ऋचा, पुढच्या रविवारी मी आलो तर चालेल?"

"चालेल. पण मध्येमध्ये बोलायचं नाही."

मी जीजींच्या शेजारी बसलो. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. मी म्हणालो, "जीजी, एवढा त्रास होतो तर दर रविवारी कशाला?"

"त्रास आजचा नाही रे. लहानपणापासून आहे. बस, ट्रेन, सगळंच लागतं. नागपूरला बहीण होती माझी. आजारी होती तेव्हा बोलवत राहिली. मी दोनदा निघाले आणि दोनदा तासाभरावरच्या देवासहून परत आले. सगळे म्हणायचे, मनाचं आहे, हिंमत कर, काही होत नाही. ती गेली, मी नाही पोचले." त्यांनी मागे ऋचाकडे पाहिलं. "या पोरीसमोर पहिल्या दिवशी उलटी झाली. 'हिंमत करा' असं ती नाही म्हणाली. तिने विचारलं, कुठे बसल्यावर कमी होतं? कुणी विचारलंच नव्हतं मला, अवि. एवढ्या वर्षांत कुणीच नाही."

"ब्रेकर," मागून ऋचा म्हणाली.

जीजींनी डोळे मिटले आणि माझा हात धरला.