पोरीच्या मागं कोण?

खैरनार मामांनी माझ्या कादंबरीच्या नायकाची सातपूरला जाऊन चौकशी केली. फोनवरून नव्हे, प्रत्यक्ष. इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटर काढून, डिकीत पेढ्यांचा पुडा ठेवून. "चौकशीला रिकाम्या हातानं जाऊ नये," हे नंतर त्यांनीच मला समजावून सांगितलं.

कादंबरीचं नाव 'एक कुंडी जास्तीची'. नाशिकच्या मखमलाबाद रोडला नर्सरी चालवणारी ईरा आणि सातपूरच्या एका कारखान्यातला इंजिनिअर सारंग यांची ती गोष्ट. सारंगला झाडं जगवता येत नाहीत. तो मोगरा घेऊन जातो आणि चार दिवसांनी त्याचा सांगाडा घेऊन परत येतो. ईरा त्याला मनसोक्त झापते आणि तो जाताना आणखी एक कुंडी विकत घेतो. त्याच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात येतं की हे प्रकरण झाडांचं नाही. शेवटी रजिस्टर लग्न. एवढीच गोष्ट. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दिवसभर महागाई शिकवून घरी आलं की कुणाचं तरी भलं करावंसं वाटतं, म्हणून लिहिली. जाणकारांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलींनी मात्र वाचली, आणि त्यांच्या आयांनी मुलींपासून लपवून वाचली.

मामा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. चोरांचे नव्हेत, मालाचे. मशीनवरून उतरलेला जॉब हातात घ्यायचा, मापायचा आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी मापायची ती स्टीलची सरकती पट्टी, म्हणजे व्हर्नियर, अजून त्यांच्या खिशात असते. भाजीवालीची भेंडी, गणपतीतले मोदक, सोसायटीच्या लिफ्टच्या दारातली फट, सगळ्याला ती लागते. "बसत नाय," असं मामा एकदा म्हणाले की विषय संपला. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने पोळ्या केल्या आणि त्यातली एक मामांकडे दिली. त्यांनी तिला दोन्हीकडून व्हर्नियर लावली. "इकडं जाड, तिकडं बारीक. बसत नाय." नवऱ्याने त्या दिवसापासून पोळपाटाला हात लावलेला नाही, आणि याबद्दल मी मामांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

बरं, स्वतःलाही सूट नाही. मागे त्यांचा पाय मोडला होता तेव्हा मी डबा द्यायला गेले. मामांनी दार उघडलं तर डोक्याला झोकदार फेटा, अंगात नवा शर्ट, खाली लुंगी, कारण पाय प्लास्टरमध्ये, आणि हातात वॉकर. मी बघतच राहिले. "काय मामा, हे काय?" तर म्हणाले, "काय नाय, फेटा मापात बसतो का बघत होतो." हा किस्सा सांगून मी कितीतरी जणांना हसवलं आहे.

कारखान्यात एक पद्धत असते म्हणे. जॉब किंचित चुकलाय, पण काम भागण्यासारखं आहे, असं असलं की साहेब लोक म्हणतात, 'डेव्हिएशनवर सोडा.' म्हणजे चूक आहे हे कबूल, तरी जाऊ द्या. मामांनी उभ्या नोकरीत एकही जॉब असा सोडला नाही. हे ते अभिमानाने सांगतात, आणि लग्न का नाही केलं असं विचारलं तरी हेच सांगतात. "स्थळं लय आली मॅडम. मापात एक पण बसलं नाय."

मग बायको नाही, पोर नाही, तरी सगळ्या इमारतीचे हे 'मामा' कसे? तर त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी मयूरी इंजिनिअरिंगला नाशिकला आली आणि शिक्षण संपेपर्यंत यांच्याकडेच राहिली. जिन्यात सकाळ-संध्याकाळ एकच पुकारा: "मामा, चावी!" "मामा, डबा राहिला!" ते ऐकून इमारतीतली पोरं मामा म्हणू लागली, मग पोरांच्या आया, मग आम्ही. हल्ली पोस्टमनही म्हणतो. मयूरी शिकली, बंगळुरूला नोकरीला गेली, तिथेच लग्न करून राहिली. मामा हे नाव मात्र इथेच राहिलं.

तर अशा माणसाने शेजारधर्म म्हणून माझी कादंबरी वाचली. वाचून झाल्यावर सकाळीच बेल वाजवली.

"मॅडम, पोरगं कुठल्या कंपनीत हाय?"

"कुठलं पोरगं?"

"सारंग."

"अहो मामा, तो खरा नाहीये. मी मनाने लिहिलाय."

मामा समजूतदारपणे हसले. "नाव बदलावंच लागतं, कळतं मला. माणूस खरा घ्यायचा, नाव खोटं द्यायचं. पण मॅडम, ईराच्या बापानं चौकशीच केली नाय! मी पान अन् पान बघितलं. पोराला एक मोगरा जगवता येत नाय, तो संसार कसा करंल?"

मी हसून दार लावलं. इथेच चुकलं. आमच्याकडे पोरगी द्यायची म्हटली की कुणीतरी वडीलधाऱ्याने पोराच्या कंपनीच्या गेटवर जाऊन चहा प्यायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, ही रीतच आहे. ईराकडून कुणी गेलं नाही, म्हणून मामा गेले.

दुपारी परत आले ते गंभीर चेहऱ्याने. माझ्याच घरात मला म्हणाले, "बसा."

मी बसले.

"सारंग सापडला. इंजिनिअर हाय, पुस्तकातल्यासारखं लाल हेल्मेट हाय, उंची पण जुळती. फक्त त्याला बायको हाय. अन् दोन पोरं."

मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत. "हसू नका मॅडम. त्या पोरीला बिचारीला माहीत हाय का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मामांनी गेटसमोरच्या टपरीवर सारंग नावाचा इंजिनिअर कोण, असं विचारलं. योगायोगाने त्या नावाचा एक जण होताच. त्याला बोलावून मामांनी आधी पेढा दिला आणि मग विचारलं, "बाल्कनीत कुंड्या किती हाय?" तो गृहस्थ इतका घाबरला की पेढा हातातच धरून उभा राहिला. टपरीवरच्या बाकीच्यांना वाटलं, कुणी पोरीचा मामा स्थळ शोधत आलाय. मग काय, त्यांनी आपापल्या ओळखीतली उपवर पोरं पुढे केली.

"दोन पोरं खरंच चांगली हाय," मामा म्हणाले. "एक मालेगावचा, सुपारीचं पण व्यसन नाय. ईराचं अजून पक्कं झालं नसंल तर बघा."

ईरा नाही, सारंग नाही, ती नर्सरीसुद्धा नाही, हे त्यांना पटवून देताना माझा घसा बसला. शेवटी पटलं, पण त्यांच्या नजरेतून मी थोडी उतरले. "म्हणजे कोणी सांगितलं पण नाय, तुम्ही असंच लिहिलं?" खोट्या मालावर शिक्का मारताना मी सापडले होते.

मला वाटलं, सुटले. पण दोन दिवसांनी लिफ्टमध्ये मामांनी खरी तक्रार काढली.

"मॅडम, रजिस्टर लग्न केलं, माझी ना नाय. पण पोरीच्या मागं कोण उभं होतं?"

"कोणीच नाही. समोर अधिकारी, बाजूला साक्षीदार."

"अन् मामा?"

"ईराला मामा नाहीये."

"आई हाय ना? आईला भाऊ नाय का?"

"मी लिहिलेला नाही."

"मग लिहा की."

मी म्हटलं, "मामा, तिथे अंतरपाट नसतो, मंगलाष्टकं नसतात, अक्षता नसतात. वधूचा मामा कशाला लागेल?"

"ते सगळं नसू द्या. मागची जागा तर असती ना?"

त्यानंतर त्यांनी मला सोडलंच नाही. दूध आणताना, भाजी घेताना, पाण्याच्या टँकरची वाट बघताना, एकच पालुपद: "बघा मॅडम, जमलं तर." त्यातच प्रकाशकांचा फोन आला की पहिली आवृत्ती संपली, दुसरी काढतोय, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. आनंदाच्या भरात मी ही बातमी नेमकी मामांनाच आधी सांगितली.

"मग तर सोपंच झालं," मामा म्हणाले.

आता मात्र मी वैतागले. लेखिका म्हणून माझा काही मान आहे की नाही? "मामा, माझी ईरा आजची मुलगी आहे. स्वतःच्या पायावर उभी आहे. तिला आधाराला मागे कोणी लागत नाही."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधाराला कोण उभं राहतं मॅडम?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. 'बसत नाय' म्हणाले नाहीत. दारही हळूच लावलं. मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

रविवारी सकाळी त्यांची वाटी परत करायचं निमित्त काढून मी गेले. रिकामी वाटी देऊ नये म्हणून तीत लिंबाचं लोणचं घातलं होतं. मामा ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापत होते, कोपरापर्यंत पीठ. तेवढ्यात ओट्यावरचा मोबाइल वाजू लागला.

"उचला मॅडम, मयूरी हाय. व्हिडिओवालं हाय, डब्याला टेकवून ठेवा."

पडद्यावर मयूरी दिसली आणि मामांचा आवाजच बदलला. "कशी शे माय? जेवनी का?" सटाण्याची ती बोली आमच्या वाट्याला कधी येत नाही. दोघं जरा बोलले, मग गॅस सिलिंडरवाल्याने बेल वाजवली आणि मामा हात पुसत बाहेर गेले.

"काकू," मयूरी हसत म्हणाली, "ईराला मामा मिळाला का?"

"म्हणजे तुलाही सांगितलंय?"

"रोज सांगतात. त्यांचं काय आहे, आमचंही रजिस्टरच झालं ना. आणि नेमका तेव्हाच त्यांचा पाय मोडला. आईबाबा आले, यांना येता येईना. मग मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करते, फोन समोर टेबलावर ठेवते, म्हणजे तुम्हाला सगळं दिसेल. तर म्हणाले, 'नाय. मामाची जागा पोरीच्या मागं.' ऐकेचनात. शेवटी मैत्रिणीने फोन माझ्या मागच्या खिडकीत ठेवला. सह्या झाल्या, हार झाले, टाळ्या झाल्या. मग फोन घ्यायला मागे गेले तर मामा या ओट्याशी, फेटा बांधून, वॉकर धरून, ताठ उभे! तोपर्यंत त्यांना दिसली काय, तर माझी पाठ आणि छताचा पंखा." ती खूप हसली. मग हसणं थांबलं. "मी विचारलं, मामा, काही दिसलं का? तर म्हणाले, 'वेणी झाक घातली होती.'"

मला त्या दिवशीचं दार आठवलं. फेटा, नवा शर्ट, लुंगी. माझ्या हातात डबा होता आणि मी हसले होते.

मामा आत आले. "काय सांगती ती? तिचं काय ऐकू नका. ही भाकरी घ्या, मापून बघा, सगळीकडं सारखी हाय."

खरोखरच सारखी होती.

त्याच दुपारी मी शेवटचं पान उघडलं आणि ईराच्या आईला एक भाऊ दिला. फार काही नाही, चार ओळी. मामांना बोलले नाही. मध्ये त्यांनीही विषय काढला नाही. फक्त एकदा लिफ्टमध्ये 'बघा मॅडम' एवढं म्हणून थांबले.

दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती आल्या तेव्हा पहिली प्रत घेऊन मी समोरची बेल वाजवली. शेवटचं पान उघडूनच त्यांच्या हातात दिलं. मामा दारातच उभे राहून वाचू लागले, ओळीखाली बोट धरून. ईरा टेबलाशी उभी आहे. तिच्या मागे फेटा बांधलेले तिचे मामा ताठ उभे आहेत. सही करायला ती पेन उचलते, आणि मग एकदा मागे वळून मामांकडे बघते, हसते.

त्या ओळीवर बोट थांबलं. सवयीने तोच हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला आणि तसाच खाली आला.

"मागं वळली?" मामांनी विचारलं.

"हो."

"हे बसत नाय मॅडम. लग्न लागताना पोरीनं मागं बघायचं नसतं. पुढं बघायचं असतं."

"चुकलंच मग माझं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी काढून टाकू?"

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"नको," ते म्हणाले. "डेव्हिएशनवर सोडतो."