गावागणिक तेरा गाढवं

कॉम्प्युटरबद्दल महिपती कदमांचं मत पक्कं होतं. त्यांनी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता, त्यामुळे ते बदलण्याचं काही कारणही नव्हतं.

दर शनिवारी संध्याकाळी ते ओट्यावर पेपर उघडून बसत आणि यंत्रं, व्यापार आणि कायदा या तिन्ही विषयांवर निकाल देत. ऐकायला शेजारचा सिद्धप्पा असे. सिद्धप्पाचा धंदा चादरीच्या मागांसाठी पुठ्ठ्याचे पत्ते तयार करण्याचा. पत्त्यावर जिथं भोक, तिथं मागावरचा धागा उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं तो गप्प खाली बसतो. सोलापूरच्या चादरीवरचं फूल असो की मोर, तो आधी सिद्धप्पासारख्याच्या हातून भोकांचा होई आणि मगच सुताचा.

"हे बघ सिद्धप्पा," कदम म्हणाले, "माणूस चुकला तर त्याला मेमो देता येतो. यंत्र चुकलं तर मेमो कुणाला द्यायचा? कायद्यात तरतूदच नाही. आणि ज्याची कायद्यात तरतूद नाही ते कचेरीत आणायचं कशाला?"

"व्हय की," सिद्धप्पा म्हणाला. तो कुठल्याही निकालाला आधी व्हय म्हणे आणि मग विचार करी. "पण साहेब, त्ये यंत्र चालतंय कशावर?"

"भोकांवर."

सिद्धप्पा सावरून बसला. अठ्ठावीस वर्षं भोकं पाडून पोट भरणाऱ्या माणसाला पुण्याचं सरकारही तेच करतंय हे पहिल्यांदाच कळत होतं.

कदम जनावरांच्या मोजणीच्या कचेरीत कारकून होते. जिल्ह्यातल्या गावागावांत शेळ्या, मेंढरं, म्हशी मोजून झाल्या होत्या. माणसांनी भरलेले फॉर्म पुण्याला गेले, तिथं प्रत्येक गावाचं एक कार्ड भोकं पाडून तयार झालं, आणि कार्डं फॉर्मांसकट ताडून पाहायला सोलापूरला आली. कदमांनी ती ताडली. भोकं पडल्यावर फॉर्मांची गरज उरत नाही असं परिपत्रक असल्यामुळे फॉर्म त्याच आठवड्यात रद्दीत गेले. आता कार्डं गावांच्या नंबराप्रमाणे लावून सोमवारी दहाला जीपमध्ये ठेवायची, एवढंच राहिलं होतं. ती धड गेली की कदमांच्या हेडक्लार्कच्या ऑर्डरवर सही करीन, असं साहेबांनी सांगितलं होतं. एकोणीस वर्षांनी ही वेळ आली होती. त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी सहीची वाट न पाहता गल्लीत पेढेही वाटून टाकले होते.

कदमांनी पिशवीतून, नमुन्याला आलेल्या कोऱ्या कार्डांच्या पुडक्याखालून, सांगोला तालुक्याचा गठ्ठा काढला. शहाण्णव गावं, शहाण्णव कार्डं. तो घरी आणायची परवानगी नव्हती, पण रविवारी निवांत लावू म्हणून आणला होता.

"हे बघ. सांग यात काय लिहिलंय."

सिद्धप्पानं एक कार्ड उजेडाकडे धरलं. "लई बारीक काम हाय," तो हळूच म्हणाला.

"काम कसलं? भोक म्हणजे काय? जिथं काही नाही ते. जिथं काही नाही तिथं लिहिलेलं काय असणार? भोकांत काही लिहिलेलं नसतं, सिद्धप्पा. ही सगळी परदेशी कंपन्यांची धंद्याची युक्ती आहे. आपल्याला भोकं विकतात आणि आपण पावती घेतो."

"उद्या दुपारपतूर ठेवू का माज्याकडं? नीट बगतो."

आपल्या मताला तज्ज्ञाची पुष्टी मिळत असेल तर कदमांची ना नव्हती. त्यांनी गठ्ठा दिला आणि ते जेवायला गेले.

रविवारी दुपारी ते गठ्ठा आणायला गेले, तेव्हा सिद्धप्पा दारातच उभा होता. आहेर घेऊन आलेल्या मामासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"बसा साहेब. शरणम्मा, च्या टाक. साहेब, तुमी म्हणत हुता त्ये खरं हाय. पुण्याच्या लोकास्नी काम येत न्हाय."

"म्हणजे?"

"समदं चुकीचं हुतं. मी दुरुस्त केलं."

कदम बसता बसता थांबले. सिद्धप्पानं कोपऱ्यातून गठ्ठा उचलला. गठ्ठा उलगडत गेला आणि उलगडतच राहिला. शहाण्णवच्या शहाण्णव कार्डांना कडेनं भोकं पाडून पांढऱ्या दोऱ्यानं एकापुढे एक ओवलं होतं. सांगोला तालुका भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत पसरला.

"मोकळे पत्ते कुनी देतंय का?" सिद्धप्पा म्हणाला. "मागावर चढवायचे तर माळ लागंल की. आन् एक बाजू दुसऱ्या बाजूस्नी मिळत नव्हती. जास्तीची भोकं खळ लावून बुजवली, कमी पडली तितं नवी मारली. आता बगा, दोन्ही अंगानं सारकी नक्षी आली. मदी मोर बी बसला असता, पर तुमास्नी इचारल्याबिगर मोर कसा बसवायचा?"

कदम माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेले.

"आन् परत्येक कार्डाचा एकच कोपरा कापल्याला. कापताना तिथं घाई झाली आसंल. मी चारी सारके केले."

"सिद्धप्पा," कदम शेवटी म्हणाले, "ती मेंढरं होती रे."

"कुटं?"

"त्यात."

सिद्धप्पानं माळेकडे पाहिलं, मग कदमांकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला बायकोला हाक मारली, "शरणम्मा, च्यात साखर जास्ती घाल."

कदमांनी हेडक्लार्कची ऑर्डर, मथुराबाईंचे पेढे आणि स्वतःचा मेमो या क्रमानं सगळं सांगितल्यावर सिद्धप्पा गंभीर झाला. पण तो कसबी होता. त्यानं भिंग काढलं. "घाबरू नगा. त्यांची भोकं चौकोनी हायती, माजी गोल. माजी गोल तेवढी बुजवायची आन् बुजवल्याली चौकोनी उगडायची. पुन्ना हाय तसं."

"आणि कोपरे?"

शरणम्मानं सकाळीच घर झाडलं होतं, पण केर अजून टाकला नव्हता. प्रत्येक कार्डाचे तीन, असे दोनशे अठ्ठ्याऐंशी तिकोनी तुकडे केराच्या सुपातून निवडून निघाले. ती तांदूळ निवडावेत तसे ते निवडत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "अय्यो अण्णा, ह्ये सरकार दाण्यायेवढ्या कागदावर चालतंय व्हय?"

चार वाजेपर्यंत माळ सुटली, भोकं बुजली, भोकं उघडली, कोपरे चिकटले. खळ वाळावी म्हणून कार्डं अंगणात पोत्यावर उन्हात मांडली. कदमांनी त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास घेतला आणि मंडळी चहाला आत गेली.

खळ गव्हाच्या पिठाची होती. ही गोष्ट शरणम्माच्या शेळीच्या लक्षात आली.

चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात शरणम्मा ओरडली. शेळी हाकलली तेव्हा अकरा कार्डं पोटात गेली होती आणि बाराव्याचा चिकटवलेला कोपरा तोंडात होता. तो तिनं शांतपणे संपवला.

"एका शेळीनं अकरा गावं खाल्ली," कदम पोत्यावर बसत म्हणाले.

गेलेल्या आकड्यांसाठी फॉर्मच हवे होते. कदम पायात चप्पल न घालता गल्लीच्या टोकाच्या भजीवाल्याकडे धावले, कारण कचेरीची रद्दी तिथंच जाई. त्यांनी भज्यांचे कागद खाली वर करून पाहिले. माढ्याच्या म्हशी निघाल्या, करमाळ्याचे बैल निघाले, एका कागदावर दोन्ही होतं आणि वर कांदा. सांगोल्याचं मात्र एकही मेंढरू सापडलं नाही. ते सगळं गेल्या गुरुवारीच खपलं होतं.

शेवटी कदमांच्या पिशवीतली कोरी कार्डं उपयोगाला आली. सिद्धप्पानं पातळ पटाशी घासून धार केली.

"चौकोनी मारतो. पर काय मारू, त्ये सांगा."

कदमांनी शेळीच्या तावडीतून वाचलेलं एक कार्ड उचलून दिलं. "याच्यासारखी अकरा मार. गावाचा नंबर तेवढा बदल, कुठले रकाने ते मी दाखवतो."

"समदी सारकी? वळकू येतील की."

"कुणाला? भोकांना कोण ओळखतं?"

सोमवारी दहाला गठ्ठा जीपमध्ये गेला. अकराला साहेबांनी ऑर्डर टेबलावर घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "पुण्याचा निकाल येऊ दे, कदम. एकदमच करू."

निकाल महिन्यानं आला. मारुतीच्या शेपटासारखा लांब, घड्याघड्यांचा कागद होता. साहेबांनी तो टेबलावर उघडला, कदमांना समोर बसवलं आणि बोटानं ओळी वाचू लागले. शिपाई येडू चहा घेऊन आला. येडू सांगोल्याकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तोही ट्रे हातात धरून वाकून पाहू लागला.

साहेबांचं बोट थांबलं. "कदम, या बारा गावांत मेंढरं चारशे अठरा. शेळ्या सत्त्याण्णव. गाढवं तेरा."

"हो साहेब."

"प्रत्येक गावात."

"हो साहेब."

"येडू, यात तुझं गाव आहे ना रे?"

"हाय साहेब. पर ह्ये खरं न्हाय," येडू म्हणाला. "चारशे अठरा? आमच्या एकल्या बाळासोच्या कळपात सहाशे हायती. आन् गाडव गावात एकच हाय, त्ये बी परटाचं. मायाक्काच्या जत्रेला त्येच न्हेत्यात, म्हनून मला म्हाईत हाय."

साहेब मागे रेलले. "कदम, मी तुम्हाला हसत होतो. पण तुम्ही म्हणत होता ते खरं. हे यंत्र थापा मारतं. मी आजच पुण्याला लिहितो. अख्खा गठ्ठा परत मागवतो. तुम्ही आणि मी, एकेक कार्ड भिंगाखाली घालू."

एकोणीस वर्षांत कदमांचं मत कुठल्याही साहेबानं मान्य केलं नव्हतं. आज पहिल्यांदा केलं होतं. आणि कदमांच्या डोळ्यांसमोर अडीचशेवर चिकटवलेले कोपरे भिंगाखाली एकामागून एक येऊन गेले.

ते उभे राहिले. "साहेब, माफ करा. यंत्र चुकत नाही."

"काय म्हणता?"

"माणूस चुकला तर मेमो देता येतो. यंत्र चुकलं तर मेमो कुणाला द्यायचा? कायद्यात तरतूदच नाही. ज्याची कायद्यात तरतूद नाही, ते घडलं असं आपण कचेरीच्या कागदावर लिहायचं कसं? आणि आपण लिहिल्यावर यंत्र चुकलं नाही असं ठरलं, तर चुकलं कोण हे वरचे शोधणार. गठ्ठा आपल्या कचेरीतून गेला. त्यावर सही आपली." इथं कदमांनी आदरानं थोडा वेळ घेतला. "म्हणजे आपली साहेब. तुमची."

साहेबांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"पण ही गाढवं?"

"गाढवं आहेत, साहेब. यंत्रानं मोजलीत."

"मग बाकीची बारा कुटं बांदली म्हनायची?" येडूनं विचारलं.

"येडू," साहेब म्हणाले, "तू गावाला शेवटचा कधी गेला होतास?"

"शिमग्याला."

"मग शिमग्यानंतर आली असतील."

येडूनं थोडा विचार केला आणि मान हलवली. सरकारनं बारा गाढवं दिली असतील तर ती नाकारणारा तो कोण?

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पण सही करता करता त्यांचा हात पुन्हा थांबला आणि त्यांनी ऑर्डरवर एक ओळ वाढवली. यंत्रावर इतकी श्रद्धा असलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, असा शेरा मारून त्यांनी कदमांना हेडक्लार्क केलं आणि त्यांची बदली पुण्याला केली, थेट त्या यंत्राच्या खोलीत. काम एवढंच होतं की आलेली कार्डं यंत्रात घालायची आणि यंत्र चुकत नाही याकडे लक्ष ठेवायचं.

निघायच्या दिवशी सकाळी दाराशी टांगा उभा होता. मथुराबाई ट्रंकेवर बसून ती बंद करत होत्या आणि येडू सामान उचलायला आला होता. सिद्धप्पा काखेत घडी घेऊन आला.

"साहेब, पुन्यात थंडी लई. चादर हाय. घरीच इनली."

कदमांनी घडी उघडली. जाड, उबदार, सोलापुरी काम. पण फूल नाही, मोर नाही. आठ उभ्या, बारा आडव्या अशा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत लाल ठिपके, कुठं दाट, कुठं विरळ, कशाला कशाचा मेळ नसलेले.

"ही कसली नक्षी?"

"वळकली न्हाय? तुमचा तालुका. शहाण्णव गावं."

"दुरुस्त केलेला?"

"न्हाय की. पुण्याहून आला तसा. कुनाच्या बी डिझाईनला हात लावायच्या आदी चौकटीच्या कागदावर हुबेहूब उतरवून ठेवायचं, ही आमची रीतच हाय. त्या कागदावरनं इनली."

कदमांनी चादर घट्ट धरली. "म्हणजे शेळीनं खाल्लेली ती अकरा कार्डं, त्या रविवारी तुझ्याकडे कागदावर होती?"

"हुती की."

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"तुमीच म्हनला हुता," सिद्धप्पा म्हणाला, "भोकांत काय लिवल्यालं नसतंय. म्या म्हनलं, साहेब शिकल्यालं हायती."

टांगेवाल्यानं घंटी वाजवली. येडूनं ट्रंक खांद्यावरून खाली ठेवली आणि चादरीजवळ येऊन म्हणाला, "ह्यात आमचं गाव कुटलं?"

कदमांनी चष्मा लावला. गावाचे नंबर त्यांना पाठ होते. बोट चौकटींवरून फिरत फिरत सातव्या ओळीत थांबलं. मग त्यांनी रकाने मोजले. मेंढरांच्या रकान्यांतल्या ठिपक्यांचा आकडा मोठा निघाला, बाळासोचा कळप धरून. शेळ्याही होत्या. त्यांनी गाढवांच्या रकान्यावर बोट ठेवलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि पुन्हा तिथंच आले.

"किती हायती?" येडूनं विचारलं.

"एकच," कदम म्हणाले आणि चादर खांद्यावर घेऊन टांग्यात बसले.