हिराजीभाऊंचा कान

सकाळी मी गाडी सुरू केली की शेजारच्या ओट्यावरून आकडा येतो. “आज नऊशे हाय, शेट.” रामराम नाही, चहा झाला का नाही. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते हिराजीभाऊ कानाने मोजतात. काटा बघावा तर तेवढंच असतं, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

पेणच्या रामवाडीत आमच्या घरांमध्ये एकच भिंत. भाऊंची अख्खी नोकरी डोलवीच्या पोलाद कारखान्यात एका मोठ्या पंख्याशेजारी गेली. त्याचा आवाज बदलला की सायबाला सांगायचं, हे काम. कंपनी सुटली, मागोमाग वहिनी गेल्या. कान तेवढा ड्युटीवर राहिला.

मी जोहे गावात दुसऱ्यांच्या गणपतीच्या मूर्ती डोक्यावर वाहून धंदा उभा केलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. माझ्या जुन्या गाडीला एक खोड होती. गरम झाली की उभ्या जागी इंजिनाचा वेग आपोआप चढायचा, उतरायचा. म्हणून ती विकायला काढली. रोह्याचं गिऱ्हाईक आलं तेव्हा थंडच सुरू करून दाखवली आणि लगेच बंद करायला किल्लीला हात घातला. तोच ओट्यावरून आवाज, “पाच मिनटं चालू ठेव की. तिला श्वास लागतो तो पावण्याला ऐकू दे.”

पाहुण्याने ऐकला आणि रोह्याला परत गेला.

मी बोलणं टाकलं. तेवढ्यावर भागेना, म्हणून रोज गाडी बंदच ठेवून उतारावरून नाक्यापर्यंत ढकलत न्यायचो आणि तिथे सुरू करायचो. आकडा मोजायलाच देणार नाही! बायको म्हणाली, शेजाऱ्यावर रुसून गाडी ढकलणारे अख्ख्या पेणमध्ये तुम्ही एकटेच.

पंधराव्या दिवशी नाक्यावर भाऊ उभे, हातात पाण्याचा तांब्या. मी भांडायच्या तयारीतच होतो.

“पंधरा दिवस आवाज नाय,” ते म्हणाले. “मला वाटलं आजारी पडलास. काल नुसते टायर वाजले. सुरूच होत नाय व्हय ती? उघड बोनेट.”

म्हणजे माझा राग त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मी गाडी सुरू केली. इंजिन गरम होऊन श्वास लागेपर्यंत ते कान लावून उभे राहिले. मग एकेका रबरी नळीवर पाण्याची बारीक धार धरली. एका वाकणाशी पाणी आत ओढलं गेलं, आवाज बदलला. तिथे त्यांनी बोट दाबलं आणि इंजिन एका सुरात आलं. “इथनं वारा शिरतोय.” मी नळी बदलून घेतली.

रोह्याचा पाहुणा पुन्हा आला. पंधरा मिनिटं गाडी चालली, आवाज सरळ. मी मागितलेल्या किमतीला तो कबूल झाला. भाऊ ओट्यावर मान खाली घालून बसलेले.

“आता चांगली हाय,” ते पाहुण्याला म्हणाले. “रोज सकाळी सुरू करत जा.”

मी तिथल्या तिथे किंमत इतकी वाढवली की पाहुणा उठून गेला. त्याला व्यवहार कळत नाही, असं मी बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकातच सुरू केली आणि थांबलो.

“साडेआठशे, शेट.”

काटा नऊशेवर होता. मी घासाघीस केली नाही.